वहीतलं मधलं नाव

नाशिकच्या गंगाघाटावरच्या एका तीर्थोपाध्यायांच्या वहीत निफाड तालुक्यातल्या एका घराच्या पाच नोंदी आहेत: १९४६, १९५७, १९७८, १९८९ आणि १९९६. त्या एकापाठोपाठ वाचल्या की एका मुलाला दोन वडील असल्याचं दिसतं. त्या मुलाच्या, म्हणजे दादांच्या अस्थी घेऊन २०२३ च्या हिवाळ्यात त्यांची तीन मुलं रामकुंडावर आली. सहावी नोंद करण्याआधी गुरुजींनी जुनी पानं उलटली आणि विचारलं, "तुमच्या आजोबांचं नाव नक्की कोणतं लिहू?"

हे प्रकरण मांडण्याचं निमित्त एक सिनेमा आहे. तिघा भावंडांतली शेंडेफळ नाशिकमधल्या आमच्या चित्रपट अभ्यास गटात येते. दादा गेले त्याच वर्षी पावसाळ्यात आम्ही गटात 'अँसाँदी' दाखवला होता आणि तिला तो पटला नव्हता. आईने पाकिटं ठेवून मरायचं, मुलांनी परका देश पालथा घालायचा आणि शेवटी हिशेब इतका नेमका जुळायचा, असं कुठल्या घरात होतं, असा तिचा सवाल होता. मग वही उघडली. त्यानंतर तिने बहीण-भावाला सोबत घेऊन तोच सिनेमा पुन्हा पाहिला. आक्षेप कायम राहिला, पण त्याची जागा बदलली. मला बोलायचंय ते या बदललेल्या आक्षेपाबद्दल.

आडनाव आणि गाव सांगत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. घरात ज्या हाका होत्या त्याच वापरतो. तात्या आणि आप्पा हे सख्खे भाऊ, तात्या थोरले. आजी. आजीचा पहिला मुलगा दादा. आजी आणि आप्पांची मुलगी आत्या, आज पंचाहत्तरी ओलांडलेली. दादांची मुलं ताई, भाऊ आणि लहानी.

सिनेमात काय आहे

ज्यांना 'अँसाँदी' अजून पाहायचाय त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलता येणार नाही.

डेनी विल्नव्हचा हा २०१० चा चित्रपट क्वेबेकमधला, फ्रेंच आणि अरबी भाषेतला. तो वाज्दी मुआवादच्या २००३ च्या नाटकावरून केलाय. मुआवाद १९६८ मध्ये लेबनॉनमध्ये जन्मला. युद्धामुळे घरच्यांना देश सोडावा लागला आणि फ्रान्समार्गे ते क्वेबेकला पोचले. चित्रपटातल्या देशाला नाव नाही, पण १९७५ ते १९९० चं लेबनॉनमधलं यादवी युद्ध ओळखू येतं. नायिका नवाल हिच्यामागे एका खऱ्या स्त्रीची सावली आहे. सुहा बशारा हिने १९८८ मध्ये दक्षिण लेबनॉनमधल्या इस्रायलधार्जिण्या फौजेचा प्रमुख आंत्वान लहद याच्यावर गोळ्या झाडल्या आणि पुढची दहा वर्षं खियामच्या तुरुंगात काढली.

नवाल माँट्रियलमध्ये मरते. ज्या नोटरीकडे ती वर्षानुवर्षं काम करत होती तो लबेल तिच्या जुळ्या मुलांना बोलावून मृत्युपत्र वाचून दाखवतो. पाकिटं दोन आहेत. एक वडिलांना द्यायचं, जे मेलेत असं मुलं समजत होती. दुसरं भावाला, जो आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पाकिटं पोचेपर्यंत मला विवस्त्र, पालथी पुरा. थडग्यावर दगड नको, नाव नको. मुलगी जान गणित शिकवते, ती आधी निघते. मुलगा सिमों आईवर चिडलेला असतो, तो मागाहून जातो. धागा उलगडत जातो: नवालचं पहिलं मूल जन्मताच तिच्यापासून तोडून अनाथालयात दिलेलं, त्याच्या शोधात ती युद्धात शिरलेली, एका पुढाऱ्याला मारून तुरुंगात गेलेली. तुरुंगात तिच्यावर बलात्कार करणारा माणूस तेच मूल होतं. जुळ्यांचा बाप आणि जुळ्यांचा भाऊ एकच निघतो. पाकिटं दोन, घेणारा एक.

गटात चर्चा झाली तेव्हा बहुतेकांनी नकळत आईशी लग्न करणाऱ्या ग्रीक नाटकातल्या ईडिपसचं नाव घेतलं, ते साहजिकच. पण आमच्यातल्या एका निवृत्त मराठीच्या बाई म्हणाल्या, ईडिपस कशाला, स्त्रीपर्व वाचा. युद्ध संपलंय, गंगेवर मेलेल्यांना पाणी द्यायचं चाललंय आणि तेव्हा कुंती धर्मराजाला सांगते, कर्णालाही दे, तो तुझा थोरला भाऊ. सांगायचं ते तिने भावाने भावाला मारल्यावर, तर्पणाच्या वेळी सांगितलं. धर्मराजाने पुढे सगळ्या स्त्रीजातीलाच शाप दिला, की तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. बाईंचा टोमणा असा होता, की गुपित ठेवायला लावणारे कोण होते याची चौकशी मात्र धर्मराजाने केली नाही.

त्या संध्याकाळी हा मुद्दा कुणी फारसा मनावर घेतला नाही. लहानीला तो घाटावर आठवला.

घरात काय घडलं होतं

तात्या १९४० मध्ये लष्करात गेले. देवळालीची छावणी जवळ. लष्करी लॉऱ्या पाहतच तिथली पोरं वाढली. ते रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे पुरवठा आणि वाहतूक दलात ड्रायव्हर झाले. १९४१ मध्ये दादा जन्मले आणि त्याच वर्षी तात्यांची तुकडी मलायाला रवाना झाली. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. शरण गेलेल्या फौजेत हिंदी सैनिक चाळीस हजारांवर होते. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर त्यांना जपान्यांच्या ताब्यात देण्यात आलं, आणि आझाद हिंद फौजेची पहिली हाकही तिथेच दिली गेली. काही त्या फौजेत गेले. न गेलेल्यांपैकी कित्येकांना न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनसारख्या बेटांवर मजुरीला पाठवलं गेलं, आणि त्यांतले जे जगले ते १९४५ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियन फौजा पोचल्यावर सुटले.

यात तात्या कुठे होते? घरात दोनच वस्तू आहेत. एक लष्करातून सुटल्याचा दाखला, ज्यावर युद्धकैदी असल्याची नोंद आहे. दुसरी पदकं, त्यांत पॅसिफिक स्टार. लहानीला वाटत होतं, आजोबा आझाद हिंदमध्ये असतील. मला ती घाई वाटली. सुटून आल्यावर आझाद हिंदच्या सैनिकांची पांढरे, करडे, काळे अशी वर्गवारी झाली आणि काळ्या यादीतल्यांना बडतर्फ केलं गेलं. तात्यांच्या दाखल्यावर वर्तणुकीचा शेरा चांगला आहे. यावरून फार तर तर्क करता येतो. या घराला एक वीर मिळावा म्हणून कागदात नसलेली ओळ वाचायचं कारण नाही.

गावात आली ती एक तार: बेपत्ता. जर्मनी-इटलीतल्या कैद्यांची खबर निदान रेड क्रॉसमार्फत घरी येई. जपान्यांच्या छावण्यांतून पत्र येणं जवळजवळ नव्हतंच. सव्वादोन वर्षं काही कळलं नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात घरच्यांनी आजीचा आप्पांशी पाट (पुनर्विवाह) लावून दिला. त्यांच्या समाजात ही रीत होती. सून घरातच राहील, पोर घरातच वाढेल, जमिनीचा तुकडा पडणार नाही, हा सासऱ्यांचा सरळ हिशेब. कायद्याने पाहिलं तर घाई झाली: तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ नुसार सात वर्षं ठावठिकाणा नसेल तरच माणूस मेला असं गृहीत धरता येत असे. पण गावात तेव्हा पुरावा कायदा कोण उघडून बसणार? आजी विशीच्या जेमतेम पुढे होती. सासरे पुढच्याच वर्षी वारले.

१९४६ च्या सुरुवातीला तात्या परत आले.

इथे मुलांना जे ठाऊक होतं ते सांगायला हवं, नाहीतर गुपिताचं स्वरूप कळणार नाही. तात्या जिवंत आहेत, युद्धावर गेले होते, परत आले, नाशिकला राहतात, लग्न केलं नाही, पुढे एस.टी.त ड्रायव्हर झाले, हे सगळं सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे एस.टी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली. पुढे जाळं वाढलं तशी ड्रायव्हरांची गरज वाढली आणि लष्करात लॉरी चालवलेला माणूस तिथे चपखल बसला. दादा शिकायला नाशिकला आले ते तात्यांच्याच पंचवटीतल्या खोलीवर राहिले. पुतण्या काकाकडे राहतो, यात नवल ते काय? तात्या दिवाळीला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी येत, पडवीत झोपत, दुसऱ्या दिवशी जात. लपवलं गेलं ते एवढंच, की आजी आधी त्यांची बायको होती आणि दादा त्यांचा मुलगा.

वही

ज्यांनी ही वही पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे गावानुसार आणि आडनावांनुसार यजमानांच्या वह्या असतात. अस्थी, श्राद्ध, सिंहस्थाचं स्नान, कशालाही माणूस आला की तो आपलं नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलं लिहितो आणि सही किंवा अंगठा करतो. जुनी पानं मोडीत असतात. पुढच्या खेपेला येणाऱ्याला आधीच्यांचं अक्षर दाखवतात. त्यात ना सरकारी शिक्का, ना साक्षांकन. तरी नाशिकची माणसं जन्मदाखल्यापेक्षा तिच्यावर जास्त विश्वास ठेवतात, आणि मला त्यात चूक दिसत नाही. शाळेच्या दाखल्यावर हेडमास्तर लिहितील ते नाव असतं. इथे माणूस नदीत उतरून ओल्या अंगाने लिहितो.

१९४६. तात्या आले, वडिलांचं श्राद्ध करायला. वडील गेले तेव्हा ते कैदेत होते. नोंद देवनागरीत, सही मात्र रोमन अक्षरांत. लष्करात शिपायांना रोमन लिपीतून उर्दू शिकवत, ती सवय. वडिलांचं नाव, भावाचं नाव, मुलाचं नाव लिहिलंय. मुलगा म्हणजे दादा, पाच वर्षांचे. पत्नीचं नाव लिहिलेलं नाही. म्हणजे गावी जाऊन, सगळं कळून, मग ते घाटावर आले होते. बायकोवरचा हक्क त्यांनी वहीत सोडला, मुलाचा सोडला नाही.

१९५७. आईच्या अस्थी. दोघे भाऊ आले होते, लिहिलं आप्पांनी. स्वतःची पत्नी, स्वतःची मुलं. मुलांत पहिलं नाव दादांचं. खाली दोघांच्या सह्या. या वेळी तात्यांची सही देवनागरीत आहे.

१९७८. तात्यांच्या अस्थी. घेऊन आले दादा, वय सदतीस. मराठी माणसाच्या नावात मधलं नाव बापाचं असतं. दादांच्या शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर, रेशनकार्डावर, पुढे आधारवर मधलं नाव आप्पांचं. वहीत त्या दिवशी त्यांनी मधलं नाव तात्यांचं लिहिलं.

१९८९. आप्पांच्या अस्थी. पुन्हा दादाच. मधलं नाव आप्पांचं.

१९९६. आजीच्या अस्थी. दादांनी नाव आणि आडनाव लिहिलंय. मधे काही नाही.

ताई, भाऊ आणि लहानी घाटावर आपल्या वडिलांचं अक्षर ओळखत उभी होती. वडिलांनी वर्षानुवर्षं घरात चकार शब्द काढला नव्हता आणि गावाहून तासाभरावर असलेल्या एका वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. भाऊचं पहिलं वाक्य होतं, "म्हणजे त्यांना माहीत होतं." आपल्याला कळलं, याचा धक्का त्या मानाने लहान होता.

ताईला मग मागचं एकेक आठवू लागलं. ज्याचा बाप हयात आहे तो पितरांना पाणी देत नाही, मुंडण करत नाही. ही रीत आपल्याकडे कडक. तात्या गेले तेव्हा आप्पा चांगले धडधाकट होते, तरी दादांनी डोकं भादरलं होतं. काकाला मुलगा नव्हता म्हणून पुतण्याने केलं, असं सगळे समजले. पुढच्या आखाजीला तात्यांच्या नावाची घागर पुजायला दादाच बसले. कुणा पाहुण्याने टोकलं, की बाप जिवंत असताना याला का बसवता. आजी चुलीपुढून म्हणाली, "बसू दे त्याला." ताई तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. आजी कधी आवाज चढवत नसे, म्हणून तेवढं लक्षात राहिलं.

आत्या

तिघं आत्याकडे गेली ती जरा बिचकतच. लहानीच्या डोक्यात सिनेमातली दृश्यं होती: जान अनोळखी गावात बायकांच्या घोळक्यात बसते, आईचं नाव घेते आणि चहा देणारे हात थांबतात. इथे तसं काहीच झालं नाही. आत्याने चहा केला, शेव-चिवडा ठेवला आणि म्हणाली, "कळलं होय? दादा सांगून गेला का वहीत सापडलं?"

म्हणजे वहीचंही तिला ठाऊक होतं.

"त्यात लपवायचं काय होतं? अख्ख्या गावाला माहीत. तुम्ही विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही."

१९४६ च्या त्या रात्रीबद्दल आत्याला आजीने सांगितलं होतं, आत्याचं लग्न ठरल्यावर. तात्या आले, घरात नेलं नाही, मळ्यात बसवलं. आजीची सासू, आप्पा, दोन भाऊबंद, पोलीस पाटील. बराच वेळ कुणी बोलेना. आप्पा म्हणाले, मी बाजूला होतो. तात्या म्हणाले, मी आलोच नाही असं समजा. कोण किती मोठ्या मनाचा याची चढाओढ लागली आणि ती काही संपेना, तेव्हा आजी उठून पुढे आली. म्हणाली, "मला आता पुन्हा इकडची तिकडे करू नका. पोर दोघांनी सांभाळा." एवढं बोलून ती घरात गेली. सकाळी तात्या नाशिकला निघाले. दादांच्या शिक्षणाचा खर्च ते करतील, दोन सणांना येतील, एवढं ठरलं.

बोलायचं नाही, असं कुणी ठरवलं होतं का? लहानीने दोन-तीनदा विचारलं. आत्याचं उत्तर एकच: नाही. तसं कुणी म्हटलंच नव्हतं.

दादांना केव्हा कळलं, कुणी सांगितलं, हे आत्यालाही सांगता आलं नाही. पंचवटीच्या खोलीत बाप-लेक काही वर्षं काका-पुतणे म्हणून एकत्र राहिले. कळलं असेल तर तिथेच, असं तिला वाटतं.

आक्षेप कुठे सरकला

दुसऱ्यांदा सिनेमा पाहिल्यावर लहानीने गटात जे मांडलं त्यात मला या प्रकरणाचा गाभा दिसतो. आधी तिला हिशेब खोटा वाटत होता. आता ती म्हणाली, हिशेब कसाही असो, माझा राग दादांवर आहे. नवालने एकाच माणसाला दोन पत्रं लिहिली: एक छळणाऱ्याला, एक मुलाला. दादांनी त्याच्या उलट केलं. दोन माणसांसाठी एकाच वहीत स्वतःचं नाव दोनदा लिहिलं. दोघांनाही हिशेब पुरता करायचा होता. पण नवालने मुलांवर काम सोपवलं. पाकीट दिलं, पत्ता शोधायला लावलं, वर अट घातली. दादांनी काहीच सोपवलं नाही. वही कुणी उघडली तर उघडली.

गटातल्या काहींना हे दादांवर अन्याय करणारं वाटलं. पुढे मी सांगतो ते माझं मत आहे, लहानीचं नाही.

सिनेमातलं गुपित एका बाईचं आहे. गावं, तुरुंग, दाई, सगळ्यांकडे त्याचे तुकडे आहेत, पण संपूर्ण तिच्या एकटीकडे, आणि ते कळल्यावर ती बोलणंच सोडते. म्हणून तिची आज्ञा लागते आणि म्हणूनच शोध लागतो. निफाडच्या घरातलं गुपित एकाचं कधी नव्हतंच. आजी, आप्पा, तात्या, सासू, पाटील, भाऊबंद, मग आत्या, मग दादा. प्रत्येकाला पूर्ण ठाऊक होतं. आणि प्रत्येकाला वाटत होतं की सांगायचं झालं तर ते दुसऱ्याने सांगावं. आजीला वाटलं असेल, हा बापांचा विषय. बापांना वाटलं असेल, आईने सांगावं. आत्याला वाटलं, दादाची मुलं, दादा पाहील. अशा गुपितावर कुलूप नसतं, त्यामुळे ते फोडताही येत नाही. शोधायला गेलं तर समोरचा चहा टाकतो आणि म्हणतो, विचारलं नाहीत.

दुसरा फरक मला जास्त टोचतो. विल्नव्हच्या सिनेमात युद्धाने गुन्हेगार घडवले. मारणारा आहे, म्हणून पत्र लिहिता येतं, नाव घेता येतं, माफ करता येतं किंवा नाकारता येतं. मळ्यातल्या त्या बैठकीत दोषी कुणीच नव्हतं. तात्या कैदेत होते, आप्पांनी थोरल्यांचं ऐकलं, आजीला कुणी विचारलंच नव्हतं. सासऱ्यांना दोष द्यावा तर त्यांनी बेपत्ता मुलाच्या पोराची सोय केली. कबुली द्यावी असं कुणाकडे काही नव्हतं आणि कबुलीवाचून कुटुंबात असल्या गोष्टी बोलायला सुरुवात होत नाही. सिंगापूरच्या पाडावाबद्दल चर्चिलला, तिथला ब्रिटिश सेनापती पर्सिव्हलला, जपानी सेनापती यामाशिताला जबाबदार धरणारी पुस्तकं भरपूर आहेत. त्यातलं एकही या घराच्या कामाचं नव्हतं.

आणि नोटरी. 'अँसाँदी'बद्दल लिहिताना समीक्षक नवाल झालेल्या लुबना अझबालच्या कामाबद्दल लिहितात, बस जाळली जाते त्या प्रसंगाबद्दल लिहितात, ते योग्यच आहे. लबेलबद्दल कमी लिहिलं जातं. त्याच्यावाचून मात्र ही गोष्ट हलत नाही: वचन दिलंय म्हणून तो स्वतः विमानात बसून सिमोंबरोबर जातो. आमचे तीर्थोपाध्याय त्याचेच भाऊबंद म्हणायला हरकत नाही, पण त्यांचं वचन वेगळं आहे. ते नोंद जपतात. नोंद पोचवणं त्यांचं काम नाही. गुरुजींनी, त्यांच्या वडिलांनी १९७८ ची नोंद पाहिली असणारच. यजमानाने लिहिलं, आपण ठेवलं. लहानीने त्यांना थेट विचारलं, की तुम्ही कुणाला का बोलला नाहीत. ते म्हणाले, "वही मागितली की दाखवतो. बोलत सुटलो तर उद्या कोण खरं लिहील?"

मला हे उत्तर पटलं. लहानीला नाही.

सहावी नोंद

गुरुजींचा प्रश्न तसाच होता: आजोबांचं नाव कोणतं लिहू? भाऊचा आग्रह आप्पांचं नाव लिहावं असा होता. कारण व्यवहाराचं होतं. सातबाऱ्यावर दादांच्या जागी वारस नोंद व्हायची होती, मृत्यूच्या दाखल्यावर आप्पांचं मधलं नाव होतं, आणि फेरफाराच्या वेळी तलाठ्यापुढे नावात फरक आला की काय होतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. वही तलाठी बघत नाही, असं ताई म्हणाली. भाऊ म्हणाला, आतेभाऊ बघतील. जमिनीची वाटणी आप्पांच्या हयातीतच झाली होती, कुणाचा काही दावा नव्हता. तरी आत्याच्या मुलांना वाटायला नको की हे आता तात्यांचा हिस्सा मागतील, ही त्याची काळजी. मला ती क्षुद्र वाटत नाही. द्राक्षबागेवर कर्ज आहे, बांधाला बांध आहे.

ताईला तात्यांचं नाव हवं होतं. लहानीला दोन्ही हवी होती, नाहीतर मोकळी जागा, १९९६ सारखी.

तोडगा गुरुजींनी काढला. दत्तक मुलांच्या नोंदी ते नेहमी करतात: जनक पिता अमुक, दत्तक पिता तमुक. आणि ते म्हणाले, हे काही नवीन नाही, दोन बापांना पिंड देणारा मुलगा शास्त्रात आहे, त्याला द्व्यामुष्यायण म्हणतात. तुमच्या वडिलांनी दोघांचंही केलंय, वहीत दिसतंय. मग नोंद अशी झाली: दादांचं नाव दाखल्यावर आहे तसं, आणि वडिलांच्या जागी दोन नावं, जनक म्हणून तात्या, पालक म्हणून आप्पा. तिघांनी सह्या केल्या. ताई आणि लहानी या मुलींच्या सह्या त्या घराच्या पानांवर पहिल्यांदाच आल्या.

पुढे वारस नोंद दाखल्यावरच्या नावाने विनातक्रार झाली. आत्याच्या मुलांना भाऊने स्वतः जाऊन सगळं सांगितलं. थोरल्याला आधीच माहीत होतं, धाकट्याला नव्हतं, आणि धाकटा आत्यावर महिनाभर रुसला होता.

लहानी आता यावर पटकथा लिहिते आहे. भाऊने आधी नको म्हटलं, मग गाव बदलायच्या अटीवर हो म्हटलं. आत्याची अट वेगळी: तिच्या आईला रडकी दाखवायची नाही. गटात सध्या वाद चालू आहे तो सिंगापूरवरून. दोघातिघांचं म्हणणं, की शरणागती, छावणी, बेट, यांतलं काहीतरी पडद्यावर दिसल्याशिवाय युद्ध जाणवणार नाही. 'अँसाँदी'त जळती बस नसती तर काय उरलं असतं? माझं मत, दाखवू नये. तेवढा पैसा कुणाकडे नाही, हे एक झालंच. शिवाय मळ्यात त्या रात्री बसलेल्यांपैकी तात्या सोडले तर कुणीही ते पाहिलं नव्हतं, आणि तात्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. प्रेक्षकाला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक असलं, तर त्या बैठकीत आप्पा बाजूला व्हायला का तयार झाले ते त्याला कळणार नाही.